हेरिटेज घरातल्या भानगडी

जुनं घर घेतलं की दुरुस्त्या वाढतात, हे सगळेच सांगतात. किस्से त्याहून भराभर वाढतात, हे कोणी सांगत नाही! ऑकलंडच्या आमच्या ग्रुपमधल्या मेधा-संजय या डॉक्टर जोडप्याने फोनकार्डांच्या जमान्यात एक हेरिटेज घर घेतलं. जॉर्जियन थाटाचं, विटांचं, दुमजली. मधोमध दार, दोन्हीकडे अगदी सारख्या खिडक्या. काही बदलायचं तर कौन्सिलला विचारा! त्यात मेधाचे आईवडील, म्हणजे आमचे काकू-अप्पा, पुण्याहून लांबच्या मुक्कामाला आले. मग काय, धमालच!

*

काकूंनी बागेत उभं राहून खिडक्या मोजल्या आणि पडदे शिवले. लावायला गेल्या तर एक पडदा उरला. बाहेरून दिसणारी एक खिडकी आत नव्हतीच! बांधणाऱ्याने दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून नुसती चौकट बसवली होती.

अप्पा म्हणाले, "पोलिसांत कळव, खिडकी चोरीला गेली!"

काकूंनी पडदा भिंतीवर लावला. अजून आहे.

*

दार दक्षिणेला. काकूंना घोर लागला. फोनकार्ड खरवडून गुरुजींना पुण्याला फोन लावला.

अप्पांनी मध्येच रिसीव्हर घेतला. "गुरुजी, इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. मग दक्षिण कुठली धरायची?"

"विचारून सांगतो," गुरुजी म्हणाले.

अजून विचारताहेत!

*

मधल्या काळात तिथे बोर्डिंग हाउस होतं. खोल्यांच्या दारांवरचे तेव्हाचे नंबरही हेरिटेज, काढायचे नाहीत! अप्पा रोज सकाळी वरून ओरडायचे, "रूम नंबर चार, दोन चहा!"

खालून काकू, "किचन बंद आहे!"

*

पण अप्पांचे गुडघे गेलेले. पुढच्या उंच पायऱ्यांना कठडा नव्हता, म्हणून त्यांना मागच्या दाराने यावं लागे. "लेकीच्या घरात चोरासारखा शिरतो मी," म्हणायचे. आम्हालाही वाईट वाटायचं. मेधाने रेलिंगसाठी अर्ज केला. हरकत आली ती मार्गारेटची! घर बांधणाऱ्या सर्जनची ही मुलगी, वय ऐंशीच्या पुढे. तिनेच घर विकलं होतं. म्हणे, "वडिलांच्या पायऱ्यांना हात लावू नका."

संजय भडकला. काकूंनी मात्र तिला चहाला बोलावलं. "तिचं माहेर आहे ते. लेक माहेरी आली की रिकामी जात नाही."

चहा झाला, मार्गारेट सगळ्या खोल्यांतून फिरून आली. निघताना काकूंनी तिला कुंकू लावलं आणि सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणलेला नारळ, तांदूळ, खण यांनी तिची ओटी भरली. मेधाने अर्थ सांगितला. म्हातारीने डोळे पुसले.

ओटी एका हाताने पोटाशी धरून ती पुढच्या दारातून बाहेर आली.

"सावकाश गं पोरी," तिच्याहून लहान असलेल्या काकू मराठीतच म्हणाल्या.

पहिल्या पायरीवर मार्गारेटचा मोकळा हात हवेत काहीतरी शोधू लागला. मग ती वळली आणि मेधावर चक्क खेकसली, "अगं, इथे धरायला काहीच कसं नाही?"