अकराशे चाळीस मीटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मे १९९७, शारजातली आमची झाडांची कंपनी, दोन खोकी आणि हजर माणसं दोनच — आयातीचे कागद सांभाळणारा मी, आणि दिनकर, गुहागरचा माळी.

दोन्ही खोकी इक्वेडोरहून आलेली, पण दोन वेगळ्या खोऱ्यांतली. आत अननसाच्या कुळातली शोभेची झाडं — ब्रोमेलियाड. ऊन चढत होतं. मीच "यल्ला, यल्ला" करत घाई केली आणि दिनकरने सगळी झाडं एकाच बाकावर ओतली.

"साहेब, आता कुठलं कुठलं ते त्यांच्या आईलाच विचारा," तो म्हणाला. मीही हसलो.

पुढच्या वर्षी त्यातल्या एकाला काळपट निळा फुलोरा आला. कुठल्याच यादीत तसा नव्हता. फोटो आणि वाळवलेला फुलोरा मी जर्मनीतल्या एका वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंना पाठवला. त्यांचं पत्र आलं — जात नवी आहे, अजून कुणी नोंदवलेली नाही. फक्त झाड नेमकं कुठलं, समुद्रसपाटीपासून किती उंचीवरचं ते सोबतच्या तक्त्यात कळवा. माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, चालेल.

चालेल, असं लिहिलं होतं त्यांनी. मग मी का नाही लिहिलं? घाई लपवायची होती? की रकाना कोरा सोडायची सवयच नव्हती? — मला अजून कळत नाही. एका खोक्याच्या कागदावरून मी खोऱ्याचं नाव उतरवलं. उंची तर कागदावरही नव्हती. मी लिहिलं, ११४० मीटर. हजार लिहिलं असतं तर अंदाज वाटला असता.

अल मनखूल भागातल्या आमच्या घरी पाकीट चिकटवताना बायकोने विचारलं, "अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"कागदावर आहे," मी म्हणालो.

जातीला त्या खोऱ्याचंच नाव मिळालं. ते चुकीचं ठरलं तरी आता बदलत नाही, असा नियम आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर फेमस."

२००१ मध्ये बाई स्वतः तिथे गेल्या, साठी उलटल्यावर. अकरा दिवस त्या उंचीवर शोधलं. एकही झाड नाही, आणि निम्मं जंगल तुटलेलं. त्यांनी मला कळवलं — मूळ जागी ही जात संपली असावी. दुसऱ्या खोऱ्यात कुणी पाहिलंच नाही. कशाला पाहतील? तिथे असेल का ते झाड? की तेही जंगल तोवर गेलं?

तेव्हा सांगता आलं असतं. ई-मेल होता, एक ओळ पुरली असती. मी तीन दिवस घेतले आणि लिहिलं — वाचून फार वाईट वाटलं, तुमच्या दुःखात सहभागी आहे.

त्यांनी माझे आभार मानले.