दुपट्याच्या पोटातलं हिरवं कापड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. घरधन्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही एवढं सोडून बाकीचं बोलले. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं — की इथेही जीभ अडणार? बघते.

माझ्या हातात कला होती. हे आधी सांगते, कारण लोक माझ्याविषयी तेवढंच जाणतात. कडावच्या अलीकडे आमचं गाव, चहूबाजूंनी भाताची खाचरं. त्या टापूत कुणाकडे पाळणा बांधायचा झाला की दुपटं माझ्याकडून शिवून घ्यायचे. घाटात आगगाडी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. कर्जतच्या स्टेशनाजवळ एक शिंपी बसायचा, त्याच्याकडून मी कात्रणांचं गाठोडं आणायची — लाल, आमसुली, हळदी, मोरपंखी. खाली जुनं मऊ धोतर, पोटात विरलेल्या लुगड्यांचे थर, आणि वर हे रंग, चौकोन नि त्रिकोण करून. भाच्यांना कुंच्या, नणंदेच्या मुलींना चिंध्यांचे पोपट, कुणाला बटवा. माझ्या कुंचीतलं मूल आजारी पडत नाही, असं बायका म्हणायच्या. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

मला स्वतःला मूल झालं नाही. म्हणून घरधन्यांनी दुसरी केली. सगुणा तिचं नाव.

ती कशी होती सांगू? भाकरी तव्यावरून उतरली की पहिली माझ्या ताटात टाकायची. मला अक्का म्हणायची. शिवायला शिकव म्हणून मागे लागायची आणि टाके घालायची असे वाकडेतिकडे की मला हसू यायचं — आणि तिलाही. मी तिचा राग करत होते असं समजू नका. राग असता तर तो घरात दिसला असता, सासूबाईंनी ओळखला असता. माझ्याकडे होतं ते दिसणारं नव्हतं. ती पोट सांभाळत अंगणातून चालायची आणि मी सुईत दोरा ओवत बसायची. दोरा जायचा नाही. एवढंच.

तिचं बाळंतपण अवघड गेलं. मूल पायाकडून आलं. डोंगराखालच्या ठाकरवाडीतून हिरीला बोलावून आणलं होतं. आमच्या भागातली निम्मी मुलं तिच्याच हातावर आलेली. हिरीनं काय केलं मला नीट कळलं नाही, मी सगुणाचं डोकं धरून बसले होते. पण तिनं दोघांनाही वाचवलं. मुलगा. तो रडला तेव्हा हिरी मांडीवर थाप मारून हसली. मग कमरेच्या पुरचुंडीतून वेखंडाचा तुकडा काढला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि त्याच्या मनगटाला बांधला. बांधताना म्हणाली, "मोठा हो रं लौकर. वाडीवर ये, तुला मध खायाला देतू." मी तिच्या शेजारी होते. मी ते ऐकलं. हे लक्षात ठेवा — मी ऐकलं होतं.

सासूबाई मला म्हणाल्या, "दुपटं तुझ्याच हातचं पायजे गं थोरले. बारशाला पोराला त्याच्यावरच घालू."

आता आलं ते. इथेच मी दरवेळी थांबते, मनातल्या मनात सांगतानाही.

त्याच सुमाराला नदीपलीकडच्या गावातली एक बाई बाळंतपणात गेली. तिला नदीकाठी जाळलं. मी धुणं घेऊन गेले होते, तर निवडुंगाला एक हिरवा तुकडा अडकलेला. लुगड्याचा. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. बाळंतपणात गेलेल्या बाईचं कापड बाळाच्या अंगाखाली गेलं तर ती त्या बाळाला न्यायला येते, हे आमच्याकडे लहान मुलंसुद्धा जाणतात. त्या बाजूला कुणी धुणं धूत नाही. मग मी का गेले होते? मी काही सहज गेले नव्हते. त्या तुकड्यासाठीच गेले होते.

भर दुपारी, पडवीत सगळ्यांसमोर मी ते दुपटं शिवलं. हिरवा तुकडा मधोमध, लुगड्यांच्या थरात. वरून लाल चौकोन. सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. सगुणा बाळाला पाजत माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "अक्का, किती बारीक टाके घालतेस गं. इतकं चांगलं तू कुणालाच शिवलं नसशील." ते खरंच होतं.

मूल मरावं असं मला वाटत होतं का? मी स्वतःला म्हणत आले की तसं नव्हतं, मला फक्त ते नको होतं — तिच्या मांडीवर नको होतं. पण त्या दोन्हीत फरक काय? टाका घालताना मला माहीत होतं मी काय करते आहे.

बारसं झालं. भिवा नाव ठेवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ताप भरला.

ताप उतरेना. दूध तोंडाला लागेना. डोळे पांढरे करायचा आणि सगुणा किंचाळायची. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तसं झालं नाही. मी भ्याले — त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. कारण सासऱ्यांनी भगताला बोलावलं.

भगतानं बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "बायेरचं हाय ह्ये. ह्याच्या अंगावरची, अंगाखालची येकयेक वस्तू माज्या म्होरं ठिवा."

अंगडं ठेवलं. टोपरं ठेवलं. कुंची ठेवली. मग त्यानं दुपटं उचललं. त्याचा अंगठा कापडावरून फिरायला लागला, हळूहळू, काठाकडून आत. मधल्या लाल चौकोनापाशी हात थांबला. खरंच थांबला, की मला तसं दिसलं? मला विचारू नका.

मी म्हणाले, "भगतबाबा, त्याच्या हातातला गंडा बघितलात का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हिरीनं बांदलाय," मी म्हणाले. "बांदताना व्हटातल्या व्हटात काय तरी बोलत व्हती. मला बगितलं न गप झाली."

कुणी मला ते बोलायला लावलं नव्हतं. एकेक शब्द मी जोडला, जसे तुकडे जोडते तसा. सगुणा म्हणाली, "असं कसं गं अक्का? तिनंच तर वाचवला त्याला." सासूबाईंनी तिला गप्प केलं. भगतानं दुपटं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले पुरुष वाडीवर गेले आणि हिरीला शिवेवर घेऊन आले. आमचे घरधनीही होते, तिचा एक हात त्यांनीच धरलेला. चेटकिणीचे दात पाडले की तिला मंत्र म्हणता येत नाही, अशी समजूत. एकानं ओढ्यातला दगड आणला होता. बायका लांब उभ्या होत्या, पण मी पुढे होते. साक्ष माझी होती ना.

हिरी ओरडत नव्हती. तिला अजून वाटत होतं की काहीतरी चुकलंय आणि आता कुणीतरी ते नीट करील. तिनं मला बघितलं आणि तिच्या जिवात जीव आला. "बाय, तू व्हतीस ना माज्याजवल? सांग ना यांना. मी काय बोललू त्या पोराला, सांग."

मी पदर तोंडावर ओढला.

पदराआड दिसत नाही, पण ऐकू येतं.

त्यानंतर वाडीवाल्यांनीही तिला ठेवून घेतलं नाही, गावाच्या धाकानं. ती कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. मी दुपटं धुवायच्या निमित्तानं नदीवर नेलं, मधले टाके उसवले, तो तुकडा पाण्यात सोडला आणि तिथेच बसून पुन्हा शिवलं. भिवाचा ताप पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरला. गाव म्हणालं, बघा, हिरीच होती. ताप कापडानं आला होता? कापड काढल्यानं गेला? की तो आपोआप आला नि आपोआप गेला? मला माहीत नाही. पूर्वी मी यावर फार डोकं शिणवायची. आता नाही शिणवत. त्यानं माझं पाप काही कमी होत नाही.

हे इथे संपलं असतं तरी पुरे होतं.

सगुणाला पुन्हा दिवस राहिले. श्रावणात पोटात दुखू लागलं. नदीला पूर, कडावची सुईण अलीकडे येऊ शकत नव्हती आणि गावात हे काम येणारं कुणी उरलं नव्हतं. दिवस गेला. दुसरा दिवस वर आला. मूल आडवं आहे एवढं सासूबाईंना हाताला कळलं, पुढे काय करायचं ते कळलं नाही. सगुणा माझा हात धरून सारखं एकच म्हणत होती, "हिरीला बोलवा गं अक्का. मी तिचे पाय धरते. तिनं काय बी केलं असंल, मला चालंल."

मला तेव्हा तरी बोलता आलं असतं. तिच्या कानात म्हणता आलं असतं की हिरीनं काही केलं नव्हतं. निदान ती ते ऐकून गेली असती. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "येईल हं, येईल."

ती संध्याकाळी गेली. मूल पोटातच गेलं होतं. जाण्याआधी तिनं भिवाला माझ्या मांडीवर बसवायला लावलं.

त्यानंतरचं सांगायला सगळ्यात कठीण आहे, कारण त्यानंतर मी सुखी होते. हो. भिवा मला आई म्हणायला लागला, दुसरी कुणी त्याला आठवतच नव्हती. माझ्या कुशीत झोपायचा. मी त्याला घोड्यांच्या चित्रांची गोधडी शिवली, कापडी चेंडू शिवला, गोफणीचे खडे ठेवायला बटवा शिवला. लोक म्हणायचे, सवतीच्या पोराला इतकं कोण करतं! मी खाली बघायची. त्यांना तो विनय वाटायचा.

भिवा सात-आठ वर्षांचा असेल. वैशाखात माझ्या भावाचं लग्न होतं, म्हणून त्याला घेऊन मी माहेरी, खालापूरकडे गेले होते. तिथल्या बाजारात आम्ही बांगड्या घ्यायला थांबलो. कडेला एक म्हातारी पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. भिवा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड हसण्यानं उघडलं. आत दात नव्हते.

तिनं मला ओळखलं होतं. तरी ती हसली — मला नाही, त्याला. "त्योच व्हय ह्यो, बाय? पायाकडून आलेला?" तिच्या शब्दांतून हवा निसटत होती, पण मला ते कळले. तिनं सगळ्यात मोठा द्रोण उचलला आणि त्याच्या हातात दिला. "खा रं. घे, खा. तुला मी मध देनार व्हतू."

तिथे गाव नव्हतं. भगत नव्हता, सासू नव्हती, दुपटं नव्हतं. मला कुणी पकडणार नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसू शकले असते. नुसता तो द्रोण त्याच्या हातात राहू दिला असता, तरी चाललं असतं. शिवेवर मी भीतीनं गप्प बसले असं म्हणता येईल. इथे कसली भीती होती? तो तिच्याकडे बघून हसला होता, एवढंच. मला ते सहन झालं नाही.

मी त्याचा हात झटकला. करवंदं मातीत पडली. मी म्हणाले, "खाऊ नकोस रं, चेटकीण हाय ती. तुला मारायला निगाली व्हती."

भिवानं तिच्याकडे बघितलं. मग बटव्यातून खडा काढला आणि मारला. तो तिच्या कपाळाला लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं ना, असं. मी त्याला उचलून कडेवर घेतलं, तो मोठा झाला होता तरी.

हिरीला त्यानंतर मी पाहिलेलं नाही.

भिवा आता चार लेकरांचा बाप आहे. चांगला माणूस आहे, कुणाला टाकून बोलत नाही. कधी कधी जेवणं झाली की मुलं गोष्ट सांगा म्हणतात आणि तो त्यांना खालापूरच्या बाजारातली चेटकीण सांगतो — तिला दात कसे नव्हते, तिनं फळं कशी पुढे केली, आणि एवढासा असून त्यानं तिला कसं पळवून लावलं. धाकटी नात घाबरून माझ्या मांडीवर येते आणि विचारते, "खरंच व्हती का गं आजी?"

परवाही तिनं विचारलं. मी म्हणाले, "व्हय."