गुरुवारची खुर्ची

मागच्या वर्षी एका गुरुवारी मी विश्रांती घेताना अडकलो.

आमच्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जुने कामगार सांगतात, विजेचा भार वाटून देण्यासाठी हा दिवस ठरला. वीज मंडळही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतं. म्हणजे आम्हाला सुट्टी असते तेव्हा वीज नसते, आणि वीज असते तेव्हा आम्ही कंपनीत असतो. मी याच पट्ट्यात लहानाचा मोठा झालो. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी विजेवर चालणारी मसाजची खुर्ची घेतली.

खुर्ची घेण्याचं कारण कंबर. कंबर दुखण्याचं कारण ओव्हरटाइम. ओव्हरटाइम करण्याचं कारण खुर्ची. (हा क्रम घरी कागदावर काढून दाखवण्याची चूक मीच केली.) ती आल्यापासून तिच्यावर बसायला मला सवड झाली नव्हती. इस्त्रीचे कपडे मात्र रोज बसत.

माझी बायको वैशाली पिंपळे सौदागरला शाळेत शिकवते. तिची सुट्टी रविवारी. त्यामुळे आम्ही दोघं एकाच घरात राहतो, ही माहिती आम्हाला शेजाऱ्यांकडून मिळे. तिचं माहेर महाळुंग्याचं, माझ्या कंपनीच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून सहा दिवस मी सासुरवाडीच्या वेशीवरून जात होतो आणि दिवाळीपासून आत पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून वैशालीने त्या गुरुवारी मोठ्या मिनतवारीने रजा मिळवली. दोघांनी महाळुंग्याला जायचं, दिवसभर काही करायचं नाही. सासूबाई मासवड्या करणार होत्या.

सकाळी पिशव्या भरून दारात ठेवलेल्या. मी म्हणालो, "तू आवर, तोवर जरा खुर्चीत बसतो."

"आत्ता?"

"घेतल्यापासून एकदाही बसलो नाही गं."

"बसा. पण मी साडी नेसून आले की उठायचं."

मी कपडे बाजूला केले आणि 'संपूर्ण विश्रांती' हे बटण दाबलं. खुर्ची मागे कलली. पाय डोक्याच्या वर गेले. हवेच्या पिशव्या फुगल्या आणि त्यांनी माझ्या पोटऱ्या आणि दोन्ही हात घट्ट धरले. मी डोळे मिटले. इतकं सुख आयुष्यात प्रथमच!

मग पंखा थांबला. फ्रिज थांबला. खुर्चीही थांबली.

"लाइट गेली," वैशाली आतून म्हणाली.

"येईल."

"आज गुरुवार आहे."

मी सुटायला जोर लावला तेव्हा कंबरेतून 'कट्' असा आवाज आला. वैशालीने माझा हात ओढला, तर हातात फक्त घड्याळ आलं. तिने ग्राहक सेवेला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"सर, आपण खुर्चीत आरामात आहात ना?"

"आरामातच अडकलोय."

"मग वीज येईपर्यंत आराम करा, सर."

वैशालीने फोन ठेवला. "वर्षातली एक रजा," ती म्हणाली. "एक. ती मी तुमचे तळवे बघत घालवणार."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी गायकवाड आले. त्यांनी पाहणी करून सांगितलं की जनरेटर फक्त लिफ्ट आणि पॅसेजच्या दिव्यांसाठी आहे, वैयक्तिक विश्रांतीसाठी नाही. मग ते लिफ्टने खाली निघाले. त्यांची पाठ वळताच वैशालीने पॅसेजच्या प्लगमधून वायर ओढून आणली. खुर्ची जागी झाली, पण तिने सगळं पहिल्यापासून सुरू केलं! मी आणखी मागे कललो, पिशव्या आणखी फुगल्या, जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. लिफ्टही थांबली. आता इमारतीत दोन इसम अडकले होते, त्यांपैकी एक पदाधिकारी.

"जाधव!" लिफ्टमधून आवाज आला. "काय लावलं होतं?"

"कंबर," मी म्हणालो.

लिफ्ट आमच्या दारासमोरच असल्यामुळे वॉचमन किल्ली शोधेपर्यंत आम्ही बोलत राहिलो. त्यांचीही कंबर दुखते, हे कळलं. एका मजल्यावर राहून आम्ही आजवर फक्त पार्किंगवरून बोललो होतो.

इकडे वैशालीने माहेरी फोन केला. "आबा, आम्हाला जमत नाही. न्हाई, गाडी ठीक आहे. हे खुर्चीत अडकलेत." माहेरी बोलताना तिचं 'न्हाई' आपोआप येतं. आबा म्हणाले, "आमीच येतो."

आबा, म्हणजे माझे सासरे, ट्रॅक्टरचे पाने आणि जेवणाचा डबा घेऊन जिना चढून आले. खुर्चीभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, ही विकत घेतली व्हय?"

"हो, आबा."

"आमच्याकडं बैलाच्या खुराला पत्री मारताना त्याला असं पाडत्यात. त्याला पैसं न्हाई पडत."

मग त्यांनी सगळे पाने एकेक करून लावून पाहिले. एकही बसला नाही. "आधी जेवा," ते म्हणाले.

सुटका झालेले गायकवाडही थांबले. तिघं खुर्चीभोवती जमिनीवर बसली आणि वैशाली मला भरवू लागली. आडवं पडून रस्सा खाता येत नाही, तो कानात जातो. टीव्ही बंद, मोबाइलची बॅटरी संपलेली, मी पळून जाऊ शकत नव्हतो. आबांनी वैशालीच्या लहानपणी हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. वैशाली इतकी हसली की मासवडी माझ्या नाकावर पडली.

"हेच पाहिजे होतं मला," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही एका जागी."

संध्याकाळी वीज आली. खुर्चीने उरलेली विश्रांती पूर्ण करूनच मला सोडलं. मी वाकलेलाच उठलो, तर आबा पुढे झाले. "बघू, काय हाय हे." ते बसले, आणि अंधार पडला तरी उठेनात.

त्या दिवशी मला समाधान कशात आहे ते नीट कळलं. माणसं हवीत, मासवडी हवी, एका जागी बसायला हवं. असा गुरुवार पुन्हा वीज जाऊन बिघडू नये, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी इन्व्हर्टर घेतला.

आता वीज गेली तरी खुर्ची झकास चालते, असं आबा सांगतात. ते आणि गायकवाड दर गुरुवारी पाळी लावून बसतात. मला प्रत्यक्ष माहिती नाही. इन्व्हर्टरच्या हप्त्यांसाठी गुरुवारी मी ओव्हरटाइमला असतो.