रुमालातल्या परक्या ओळी

"उसव."

अक्कांचा हा शब्द ऐकला नाही अशी एकही बाई तेव्हा आमच्या विणकाम मंडळात नव्हती. तुम्ही तासभर मान मोडून क्रोशाचा रुमाल विणलेला असायचा, कोणीतरी दोन शब्द कौतुकाचे बोलावेत एवढीच इच्छा असायची. अक्का तो तुमच्या हातातून घ्यायच्या, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपायच्या आणि तेवढा एक शब्द टाकून मोकळ्या व्हायच्या. तुमचं तोंड पडलेलं दिसलं तर वर म्हणायच्या, "उसव की. उसवल्यानं कोण मेलंय का?"

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. समोर असेपर्यंत त्यांची धास्ती वाटते.

सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर आमची खोली आहे. दर गुरुवारी दुपारी तीनला जमायचं आणि साडेपाचला उठायचं. पूर्वी बसायला जागा मिळायची नाही म्हणे. आता आम्ही सात-आठ जणी, त्यातल्या निम्म्या गुडघ्यांना हात लावत जिना चढणाऱ्या. मी शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना म्हणून इथे आले. अक्कांनी पहिल्या दिवसापासून मला 'मास्तरीण' केलं.

"अहो अक्का, मी शिकवत नव्हते. ऑफिसात होते."

"शाळेतच होतीस की. मग?"

विषय संपला.

अक्कांच्या घरी तेलुगू बोलतात. उभं आयुष्य त्यांनी घरी बसून चादरींच्या दशांना गाठी मारल्या होत्या. रोजच्या किती, ते विचारलं की हसायच्या. त्यामुळे त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. आमच्यात एका साहेबांच्या सौभाग्यवती होत्या. त्यांनी एकदा पुण्याहून नऊ रंगांचे दोरे आणले आणि तोरण सुरू केलं. अक्कांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "रंग लई चांगले आणलीस. आता विणायला कुणाला सांगणार?"

बाई लाल झाल्या. पण पुढच्या गुरुवारी तोरण उसवून आल्या. कारण एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही उसवायला लागलात की अक्का स्वतःचं काम बाजूला ठेवून तुमच्या शेजारी येऊन बसायच्या. सुटणारा दोरा गुंता न होऊ देता बोटांवर गुंडाळत राहायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. माझे यजमान दवाखान्यात होते त्या दिवसांत मी सरळ एक ओळ विणू शकत नव्हते. अक्कांनी माझा एकच रुमाल किती गुरुवार असा गुंडाळला असेल, देव जाणे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याचा काही उपयोग झाला नाही. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, त्यांच्या मुलानं जिन्यात सांगितलं.

तेव्हा त्या नातीच्या लग्नासाठी मोठा गोल रुमाल विणत होत्या. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, म्हणून रुमाल मंडळाच्या कपाटातच असायचा. गोल रुमालात प्रत्येक फेरीला टाके मोजून वाढवावे लागतात. जास्त झाले तर कडेला झालर पडते. एके दिवशी अक्कांच्या रुमालाला झालर पडली. आम्ही सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्या आपापल्या सुईकडे बघत राहिलो.

डोळे अधू झाल्यापासून आमच्या आधीच, साडेचारला, मुलगा स्कूटरवरून अक्कांना न्यायला यायचा. त्या गेल्यावर शैलाताईंनी कपाट उघडलं, त्या दिवसाच्या दोन फेऱ्या उसवल्या आणि नीट मोजून पुन्हा विणल्या. शैलाताई आमच्यातल्या सगळ्यात मऊ स्वभावाच्या. त्यानंतर कधी त्या, कधी मी. ठरवलं कोणीच नाही, पण तसं चालू राहिलं. अक्कांना कळलं तर त्या सुई ठेवतील, सुई ठेवली की यायच्या थांबतील, आणि मग त्या दोन खोल्यांत दिवसभर कोपऱ्यात बसून राहतील. एवढंच आमच्या डोक्यात होतं.

असे चार-पाच महिने गेले. आम्ही टाके बरोबर मोजत होतो. पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो, हे आमच्या ध्यानात आलं नाही. माझा हात घट्ट, शैलाताईंचा सैल, आणि मी शैलाताईंपेक्षा जास्त वेळा विणलं होतं. रुमालाच्या कडा वर उचलल्या जायला लागल्या.

एका गुरुवारी अक्कांनी रुमाल टेबलावर पसरला. तळहातानं दाबला, तर तो पुन्हा वर आला. मग त्यांनी मधल्या गाठीपासून बोट फिरवायला सुरुवात केली.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "हे पण माझं." बोट थांबलं. "हे शैलाचं." बोट पुढे सरकलं. "ही मास्तरीण. ही पण मास्तरीण. दोर आवळल्यासारखं विणती."

मी म्हणाले, "अक्का, आम्हाला वाटलं..."

"कधीपासून करायलाव?"

"दिवाळीपासून."

त्यांनी सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली आणि मुलाची वाट पाहत खुर्चीवर बसून राहिल्या. साडेचार व्हायला अजून तास होता. त्या तासाइतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

पुढचे दोन गुरुवार त्या आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. सुनेनं चहा केला. मी म्हटलं, नुसत्या येऊन बसा, तुमच्याशिवाय करमत नाही. हे खरंच होतं. अक्कांनी माझा हात हातात घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगितली मी," त्या म्हणाल्या. "माझी एक सांगायला कुणाला झालं न्हाय व्हय गं?"

त्या गुपचूप उसवण्या-विणण्याला आम्ही माया म्हणत होतो. खरं सांगायचं तर कपाट उघडून चार फेऱ्या उसवणं सोपं होतं, अक्कांच्या तोंडाकडे बघून बोलणं अवघड होतं. तेवढं बळ आमच्यातल्या एकीकडेही नव्हतं.

अक्का पुन्हा मंडळात आल्या नाहीत, रुमाल कपाटात अर्धाच राहिला. नातीच्या लग्नानंतर त्या अकलूजला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मुलाचा फोन आला तो गुरुवारीच. आम्ही सुया ठेवल्या, एकीनं खिडकी उघडली, कोणीतरी चहा सांगितला. मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून पुन्हा विणायला घेतलं.

तेवढ्यात नव्यानं येऊ लागलेल्या एका बाईंनी आपला रुमाल माझ्यापुढे धरला. बँकेतून सुट्टी काढून येतात बिचाऱ्या. त्यांनी अक्कांना पाहिलेलं नाही. रुमालाच्या कडेला झालर पडली होती, ती खोलीतल्या सगळ्यांना दिसत होती.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"छान झालाय," मी म्हणाले.