दोन ते तीनची ओळ

माझ्या भाचीच्या दवाखान्यात सुई नाही आणि औषधाची बाटलीही नाही. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर कागदी रुमालांचा खोका. लोक येतात, पाऊण तास मनातलं बोलतात आणि जरा हलके होऊन जिना उतरतात. ती समुपदेशक आहे. नोकरी सोडून तिने शिंप्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा बाहेरच्या खोलीत बसायला तिला कोणीतरी हवं होतं. मी रिकामाच होतो. चाळीस वर्षं रंगमंचावर राजे आणि प्रधान वठवून, शेवटी शेवटी प्रेताच्या भूमिकाही करून, घरी बसलो होतो.

"मामा, तू दार उघडायचंस, भेटींची वही सांभाळायचीस आणि पंखा मोठा ठेवायचास," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "आतलं बाहेर ऐकू येता कामा नये."

पंखा मी चोख सांभाळला. घोटाळा केला तो वहीत.

दोन ते तीनची ओळ ती रोज कोरी सोडायची. आता नटाला रिकामी खुर्ची बघवत नाही. पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृह बघायचं आणि तिसऱ्या रांगेत एक जरी खुर्ची मोकळी दिसली तरी पहिलं वाक्य चुकायचं, अशी आमची जात. फोन आला की मी आवाज भरदार करून सांगायचो, "आपल्यासाठी दोनची जागा करतो." महिन्याभरात ती ओळ आठवडाभर भरलेली दिसायला लागली. छाती माझीच फुगली.

"मामा, दोनला पण कोणी आहे?" ती विचारायची.

"गरजू आहेत गं. नाही कसं म्हणायचं?"

ती उघडलेला डबा परत बंद करायची. गंमत बघा, तिच्याकडून बाहेर पडणारा दर तिसरा माणूस जिन्यात "नाही म्हणायला शिकलं पाहिजे" असं पुटपुटत उतरतो. दुसऱ्यांना शिकवायला हुशार, पण सख्ख्या मामापुढे मुखदुर्बळ. डबा तसाच परत येई आणि अन्नाचा अपमान नको म्हणून संध्याकाळी मी तो संपवत असे.

दर मंगळवारी दोनला एक बसचालक यायचे. गणवेशात, टोपी हातात. एका मंगळवारी ते अडीचलाच चवड्यांवर चालत बाहेर आले आणि दार आवाज न करता लोटलं.

"बाई झोपल्यात," ते कुजबुजले. "उठवू नका. दिवा बंद केलाय."

आणि ते गेले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. गालावर खुर्चीच्या कापडाचे वळ. माझ्यासमोरच्या बाकावर बसली.

"दोन महिने गप्प होते ते, मामा. आज पहिल्यांदा बोलायला लागले. आणि मी झोपले."

"थकली होतीस."

"पुढच्या मंगळवारी आले तर माफी मागते. नाही आले तर पाटी उतरवते. ऐकणं हाच माझा धंदा, आणि तोच जमत नसेल तर दुकान कशाला मांडायचं?"

धीर द्यावा म्हणून मी माझा किस्सा सांगितला. भर दरबाराच्या प्रवेशात मी सिंहासनावर झोपलो होतो आणि प्रधानाने मुजरा करता करता चिमटा काढला होता. ती हसली नाही.

"राजा झोपला तर चालतं. त्याच्यापुढे कोणी मन मोकळं करत नाही."

तिला घरी पाठवून मी वही चाळत बसलो. अगदी पहिल्या पानांवर, मी येण्याआधीच्या आठवड्यात, दोनच्या ओळीत तिच्या बारीक अक्षरात रोज एकच नोंद होती : 'जेवण. मग पाठ टेकणे.' मी आल्यावर तिने ते लिहायचं सोडलं असावं. मामाला एवढं कळेल, असं वाटलं असेल बिचारीला. रिकामी समजून मी जी खुर्ची विकत होतो, तिचं तिकीट कधीच गेलं होतं.

पुढच्या मंगळवारी पावणेदोनपासून मी खिडकीत उभा. ती दारात उभी. दोनला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर बूट वाजले.

"मागच्या वेळी फार मोठी चूक झाली माझी," ती म्हणाली.

चालकांनी टोपी काढली. "बाई, आमच्या आगारात आठ तास झाले की गाडीची चावी काढून घेतात. थांब्यावर कितीही माणसं उभी असोत. तुमची चावी कोण काढून घेतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"आणि खरं सांगू का," ते म्हणाले, "तुमचा डोळा लागला होता म्हणून मला ते सगळं तोंडातून काढता आलं. एकदा सराव झालाय. आता जागेपणी ऐका. पण आधी जेवून घ्या, मी तीनपर्यंत इथे बसतो." हे सगळं लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. आत काय बोलले, ते मला आजही ठाऊक नाही.

एवढ्यात फोन वाजला. कोणा बाईंना उद्याची वेळ हवी होती. फोनवर हात ठेवून मी सवयीने तिला म्हणालो, "उद्या दोनला..."

"नाही, मामा."

आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता. मी त्या बाईंना चारची वेळ दिली. ती डबा घेऊन आत गेली. दार लागलं.

चालक आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो. डब्याचं झाकण वाजलं, चमचा वाजला, मग सगळं शांत झालं. पंधरा मिनिटांनी आतून बारीक, एकसुरी घोरणं ऐकू आलं. चालक माझ्याकडे बघायला लागले.

"तीनला पाच कमी असताना घंटा मी देतो," मी म्हणालो आणि उठून पंखा आणखी मोठा केला. आतलं बाहेर ऐकू येता कामा नये.