पाठराखीण

"बस गं खाली. तुजं ह्याच्यात येत नाय."

पाटलीणकाकी हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर सत्काराचा नारळ होता. खांद्यावरच्या नव्या शालीला डांबरगोळ्यांचा वास होता. मी पुढून दुसऱ्या रांगेत उभी होते, म्हणून तो वास माझ्यापर्यंत पोचत होता.

कर्जतमधल्या एका शाळेचं सभागृह. वर तापलेले पत्रे, खाली सतरंजीवर दाटीनं बसलेल्या बायका. बायकांवरच्या अत्याचारांसाठी कायदा कडक व्हायचा होता, आणि मुंबईहून आलेल्या एक वकीलबाई गावोगावच्या बायकांचे अनुभव ऐकत फिरत होत्या. फळ्यावर त्यांनी खडूनं लिहिलं होतं: मारहाण. हुंडा. जाळणे. बलात्कार. मग हात झटकून त्यांनी विचारलं, "अजून काही राहिलंय?"

मी उभी राहिले. म्हणाले, "विकणं."

वकीलबाई हसल्या. वाईट नव्हतं ते हसू. चुकीच्या खिडकीपाशी आलेल्या माणसाला योग्य खिडकी दाखवावी, तसं होतं. "त्याला वेगळा कायदा आहे, बाई. वेश्याव्यवसायाचा. तसल्या बायकांसाठी. आपण इथे घरातल्या बायकांविषयी बोलतोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग व्यासपीठावरून काकींचा तो आवाज, लाडानं दटावल्यासारखा. बस गं खाली.

शेजारून आईनं माझा पदर खेचला. "बस, बये. लोकं बगतात."

मी बसले. मी शिक्षिका आहे. खालापूरकडच्या एका शाळेत मी लहान मुलांना उभं राहून, मान वर करून बोलायला शिकवते. आणि मी बसले. कानशिलं पेटली होती. सतरंजीच्या सुतात मी नखं रुतवली आणि माझ्या मोकळ्या कपाळावरून घामाचा ओघळ थेट डोळ्यात उतरला. कपाळावर कुंकू असतं, तर तो तिथे थोडा तरी अडला असता.

त्या मोकळ्या कपाळाची गोष्ट सांगते.

आमचं भाताचं खाचर पाटलांच्या खाचराच्या खाली होतं. पाणी त्यांच्या बांधावरून आमच्याकडे यायचं. त्यांनी बांध मोकळा ठेवला तर आमची लावणी, बुजवला तर आमचा उपास. त्यामुळे पाटलीणकाकी आमच्या ओट्यावर आल्या की बाबा बसल्या जागेवरून उठायचे. मी उंच, काळी, सातवीपर्यंत शिकलेली. बरोबरीच्या मुली केव्हाच सासरी गेलेल्या. काकी गरिबाघरच्या मुली उजवायच्या. लांब, परमुलखात. त्याचं त्यांना पुण्य मिळतं, असं साऱ्या गावाचं मत होतं.

राब भाजायचे दिवस होते. शेताशेतातून जळत्या पाचोळ्याचा गोडसर धूर उठत होता. काकी ओट्यावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता माझ्याविषयी बोलू लागल्या. "पोरगी ताडासारकी वाडलीय. हितं कोन घेनार हिला? तिकडं मुलींचा तुटवडा हाय. मानूस बरा हाय, दूददुभतं हाय. सुकात ऱ्हाईल."

बाबांनी एकच विचारलं. "पाठराखीन कोन जाईल?"

आमच्यात मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत एक बाई जाते, पाठराखीण. आत्या, मावशी, चुलती, कुणीही, पण सवाष्ण. ती मुलीजवळ निजते. मुलीच्या ताटातला पहिला घास ती खाऊन बघते. सासू कशी बोलते, नवरा कसा बघतो, पाणी किती लांबून आणायचं, सगळं ती डोळ्यांत साठवते आणि परत येऊन आईला सांगते. तिच्या येण्यापर्यंत आई चुलीपुढे बसते, पण तिला घास जात नाही.

माझ्या आत्यानं पिशवी भरून ठेवली होती. तिच्यात सुकट होतं, मला आवडतं म्हणून. काकींनी ती पिशवी पायानं बाजूला सारली. "दोन दिसांची गाडी हाय गं. तुजं तिकीट काय तुजा म्हातारा काडनार? तो तं ताडीत बुडालाय." माणसं हसली. आत्या पुटपुटली, "पाठराखनीबिगर पोर जात नाय आमच्यात."

"मी हाय ना," काकी म्हणाल्या. "माज्यापरीस मोटी पाठराखीन कोन?"

बाबांचे डोळे भरून आले. पाटलीण स्वतः आपल्या मुलीची पाठराखीण! गावानं तो आमचा मान समजला.

त्या मुलखात धूळ होती, उंटांच्या अंगाचा आंबूस दर्प होता आणि पाणी जिभेला मचूळ लागत होतं. भात नव्हता. भाताच्या पेजेचा वास मला स्वप्नात यायचा. माझ्या ताटातला घास काकींनी खाऊन पाहिला नाही. त्या माझ्याजवळ निजल्या नाहीत. ओसरीवर त्या घरच्या म्हाताऱ्याशी हलक्या आवाजात बोलल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. घरात तीन पुरुष होते. यांतला माझा नवरा कोणता, हे मला कुणी सांगितलं नाही. हळूहळू कळलं की तो प्रश्न त्या घरात कुणाला पडतच नव्हता. याहून अधिक मी लिहिणार नाही.

एकदा मी अंगणात अडून बसले. घरातली म्हातारी माझ्यावर ओरडली नाही. तिनं दावणीच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्या पाठीवर मारली. अगदी तशीच. आणि म्हणाली, "मोल." तिच्या सगळ्या भाषेतला तेवढा एक शब्द माझ्या भाषेतही होता.

एका रात्री मी पळाले, तेव्हा रेल्वे फाटकवाल्याच्या बायकोनं मला कोळशाच्या पोत्यांमागे दडवलं आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या डब्यात चढवून दिलं. तिचं नाव मला ठाऊक नाही. तिच्या हाताला रॉकेलचा वास होता. अजूनही कंदील पुसताना मला ती आठवते.

मी परतले तेव्हा बाबा मला घेऊन चौकीत गेले. हवालदार तंबाखू मळत होता. "लग्न झालं ना? मग गुन्हा कसला?"

बाबा म्हणाले, "लगीन नाय, साहेब. इकली तिला."

"असं म्हणतोस?" त्यानं मला पायांपासून वर न्याहाळलं. "मग तसल्या बायकांचा कायदा आहे. तो लावू? पोरीचंच नाव चढेल. बघ बाबा."

बाबांनी हात जोडले. परतीच्या वाटेवर उल्हास नदीच्या काठी ते थांबले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा पुन्हा मारलं. माझ्याकडे बघितलं नाही. पुढेही, मरेपर्यंत, त्यांनी माझ्याकडे सरळ कधी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसलं. बांगड्या उतरवल्या. ओट्यावर जाऊन हंबरडा फोडला, की जावई तापानं गेला. मी दाराआड उभी राहून ते ऐकत होते. माझ्या आईनं तीन जिवंत माणसांमधून एक निवडला आणि मारला. कारण गावात विधवेला कोपरा असतो. विकलेलीला नसतो. काकी सांत्वनाला आल्या, आईच्या गळ्यात पडून रडल्या. वरचा बांध मोकळाच राहिला, आमचं भात पिकलं.

त्या कोपऱ्यात बसून मी शिकले. पुढे शिकवू लागले. कविता वाचल्या, लिहिल्याही. त्यांत धूर आला, नदी आली, भाताची लोंबी आली. 'विकणं' हा शब्द कधी आला नाही.

आणि आज तो आला होता, भर सभेत, आणि मी त्याला घेऊन खाली बसले होते.

व्यासपीठावर काकी आता बोलत होत्या. "आता आमच्या चंद्रीचं जमवलंय. मानसं सोन्यासारकी हायत. येत्या सोमवारी निगायचं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्री माझ्या शेजारणीची मुलगी, विशीतली. ती सभागृहात चहाचे कप फिरवत होती. टाळ्या ऐकून ती लाजली आणि थोडा चहा बशीत सांडला.

तिच्या आईनं बसल्या बसल्याच विचारलं, "पाठराखीन कोन, काकी?"

"मी हाय ना."

तोच आवाज. तीच मान, तेवढीच कललेली. माझ्या नाकात राबाचा धूर भरला.

मी उठले. आईनं पुन्हा पदर धरला. मी तो तिच्या हातातच राहू दिला आणि चंद्रीच्या आईला म्हणाले, "वहिनी, पाठराखीण मी जाणार."

काकी हसल्या. "अगं, विधवेनं पाठराखीन व्हायचं नसतं. शिकलीस आनि रीत इसरलीस?"

"मी विधवा नाही." आवाज फाटला. मी तो तसाच पुढे ढकलला. "कुणी मेलेलं नाही. मला नवरा नव्हताच. तीन माणसं होती आणि एक म्हैस होती. यांनी मला तिथे नेऊन विकलं. पाठराखीण म्हणून नेलं आणि विकलं."

चंद्रीच्या हातातला ट्रे स्थिर होता. तिनं काकींकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

पदर सैल झाला. आई उठली आणि बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर निघून गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

काकी वकीलबाईंना म्हणाल्या, "डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. नवरा गेल्यापास्नं."

वकीलबाई माझ्यापाशी आल्या. चेहरा उतरला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी कोणत्या सदराखाली लिहू? ह्यात तर..."

मी त्यांच्या हातातून खडू घेतला. फळ्यावर बलात्काराच्या खाली जागा उरली होती. तिथे लिहिलं: विकणे. माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरानं लिहावं तसं अक्षर आलं. मग म्हणाले, "घरातलीच बाई होते मी. घरातूनच नेलं. इथेच लिहा. वेगळ्या फळ्यावर नाही."

त्यांनी लिहून घेतलं. वर पोचलं की नाही, मला कुणी कळवलेलं नाही. वरच्या बांधावरून येणाऱ्या पाण्यासाठी जन्मभर वाट पाहिलेली माणसं आम्ही. म्हणून मी नुसती वाट पाहत बसले नाही. सोमवारी पिशवी घेऊन कर्जत स्टेशनवर उभी राहिले. काकी आल्या नाहीत. चंद्री आली नाही. सोन्यासारख्या माणसांना दुसरी पाठराखीण चालत नव्हती, म्हणून लग्न मोडलं, असं मागाहून कळलं.

लाज गेलेली नाही. बाजारात बायका बोलता बोलता गप्प होतात, तेव्हा ती कानशिलांपर्यंत चढते. आई मला ताट वाढते, पण बोलत नाही. काकी अजूनही मुली उजवतात. आता आमच्या गावातल्या नाही, पलीकडच्या.

पिशवी मी रिकामी केलेली नाही. दाराच्या खुंटीला आहे. कपाळ मोकळंच ठेवलंय. त्यावर आता कुणाच्या जगण्यामरण्याचा हक्क नाही. पलीकडच्या गावात मुलगी निघाली की मला निरोप येतो. कधी येत नाही, तेव्हा मी न बोलावता जाते. ओट्यावर बसते आणि विचारते, पाठराखीण कोण? उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.