फौजी गाडीचा स्टँड

पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या त्या बाईला सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. समोर दाराची कडी येवो नाहीतर टेबलाचा पाय, ही एक डोळा बारीक करून म्हणणार, “सूतभर कमी आहे.” आणि पट्टी लावली की तेवढंच कमी निघायचं. लग्न तिनं केलं नव्हतं. वडिलांबरोबर ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची.

वडील फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. निवृत्तीनंतर फौजेनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यांनी एक घरी आणली. शेवाळी रंगाची, घोड्यासारख्या छातीची, दोन माणसांना जड जाईल अशी. “हीच माझी गाडी,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. फौजेतल्या त्यांच्या गाडीचा नंबर वेगळा होता, हे सूतभरला जुन्या फोटोवरून ठाऊक होतं. पण तिनं तो विषय कधी काढला नाही.

एका मंगळवारी सकाळी ही गाडी साइडस्टँडवर उभी असताना, कुणी हात न लावता डावीकडे कलली आणि धाडकन पडली. त्या महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा फुलांची कुंडी गेली होती, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांची सायकल. या वेळी खाली वडिलांचा पाय होता. दोन बोटं मोडली.

संध्याकाळी थोरला भाऊ आला. त्यानं वडिलांच्या पायाचं बँडेज पाहिलं, मग बाहेर जाऊन भिंतीला टेकवलेली गाडी पाहिली.

“विकून टाकू,” तो म्हणाला. “माझ्या ओळखीत एक हॉटेलवाला आहे. दारात चौथरा बांधून ठेवेल शोभेला.”

वडील कुशीवर वळले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आयुष्यभर मोठ्या आवाजात बोललेल्या माणसाची ती गप्पगार पाठ सूतभरला बघवेना.

“दादा, गाडीत काही वाईट नाही. स्टँड खराब आहे,” ती म्हणाली.

“तेच ते.”

“तेच कसं? दात दुखला म्हणून कुणी माणूस विकतं का? मला दोन महिने दे. तोवर गाडीला हात लावायचा नाही.”

भाऊ हसला, पण बहिणीचा स्वभाव त्याला माहीत होता. एकदा दात रोवले की ती सोडणारी नव्हती.

कारखान्याच्या लेथवर घरचं काम करायला परवानगी नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशी तिनं स्टँड काढला आणि पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेली. त्याच्याकडे जुना लेथ धूळ खात पडला होता, चालवायला माणूस नव्हता. त्याची चार कामं करून द्यायची आणि मग आपलं करायचं, असं ठरलं.

दोष तिला लगेच सापडला, निदान तिला तसं वाटलं. स्टँड ज्या बोल्टवर फिरतो, त्याचं भोक झिजून अंड्यासारखं झालं होतं. तिनं ते गोल करून घेतलं, आत पितळेचं बुश, म्हणजे बारीकशी नळी, बसवलं, नवा बोल्ट कातला. गाडी उभी केली. दोन दिवस ती शहाण्यासारखी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी आडवी झाली.

“ताई, पायच आखूड असेल,” वेल्डर म्हणाला. “जमिनीवर घासून घासून झिजला असणार.”

तेही पटण्यासारखं होतं. तिनं पायाला दोन सूत जोड दिला आणि खाली बशीएवढी पत्र्याची चकती लावली, म्हणजे उन्हानं मऊ झालेल्या डांबरात तो रुतणार नाही. आता गाडी इतकी ताठ उभी राहिली की बघत राहावं. दुपारी गल्लीतून एक भरलेला ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं म्हणा, हादऱ्यानं म्हणा, गाडी उजवीकडे पडली.

समोरचा शिंपी दुकानातून ओरडला, “इतके दिवस डावीकडे पडायची, आता उजवीकडे! प्रगती आहे हो!”

सगळी गल्ली हसली. सूतभर हसली नाही. शिंप्यालाच हाक मारून तिनं गाडी उचलायला लावली, आणि उचलता उचलता त्याचं तोंड बंद झालं.

त्या रात्री जेवताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण पायाकडे बघतोय, पण पाय ज्याला लटकलाय त्याचं काय? सकाळी कारखान्यात जायच्या आधी तिनं गाडीखाली सतरंजी टाकली आणि ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन आडवी झाली. फ्रेमला खाली एक जाड लोखंडी कान होता. त्या कानातच स्टँडचा बोल्ट बसायचा. तिनं गुण्या लावला. कान बाहेरच्या बाजूला मुरगळला होता. तीन सूत! एवढं जाड लोखंड झिजून वाकत नाही. वाकतं ते वरून भार आला की. आणि नुसत्या गाडीच्या भारानं तर मुळीच नाही.

मग भार कुणाचा?

उत्तर तिला चार दिवसांनी मिळालं. कारखान्यात वीज गेली, दुपारीच सुट्टी झाली. ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. बँडेज बांधलेला पाय सांभाळत वडील गाडीवर बसले होते. गाडी साइडस्टँडवर होती. सगळा भार डाव्या अंगाला टाकून ते उजव्या पायानं किक मारत होते. एक, दोन, तीन. दर किकेला स्टँड कण्हत होता.

“बाबा, उतरा.”

ते दचकले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला.

“किती वर्षं असं करताय?”

“आज पहिल्यांदाच...”

“बाबा.”

त्यांनी टाकीवरून हात फिरवला. “पाच वर्षं. डावा गुडघा भार घेत नाही गं. गाडी पायावर तोलून किक मारायला गेलो की गुडघाच मुडपतो. स्टँडवर ठेवून मारली की जमतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी किल्ली काढून घेतली असती.”

तिला राग आला होता. महिनाभर ती बुश आणि बोल्टांशी झुंजत होती आणि हा माणूस खाटेवर पडून सगळं बघत होता. पण त्याच्या म्हणण्यात खोट काढता येईना. किल्ली खरंच काढून घेतली असती.

“फौजेत कशी मारायचात किक?” तिनं विचारलं.

“तेव्हा गुडघे होते. शिवाय मागच्या चाकाला वेगळा स्टँड असायचा. रुंद, दोन पायांचा. त्यावर गाडी चढवली की डोंगर. लिलावात आली तेव्हा तो नव्हता.”

“कागद घ्या. काढून दाखवा.”

वडिलांनी आठवेल तसा तो स्टँड काढला. चित्र चहाच्या किटलीसारखं दिसत होतं, पण मापं त्यांनी अचूक सांगितली. पुढचे तीन रविवार वेल्डरच्या दुकानात गेले. कान लाल होईस्तोवर तापवून तिनं तो हळूहळू सरळ केला, मागून पट्टीचा आधार जोडला, पायाला दिलेला जोड कापून चकती पुन्हा लावली. जाड नळी वाकवून मागचा स्टँड केला. पहिली नळी वाकवताना चेपली. दुसरी तिनं आत कोरडी वाळू ठासून वाकवली, ती साधली.

दोन महिने संपायला तीन दिवस असताना भाऊ आला. त्यानं साइडस्टँडवरची गाडी ढकलून पाहिली, मग खांदा लावून पाहिली. ती हलली नाही.

“हॉटेलवाल्याला काय सांगू?” त्यानं विचारलं.

“घोडा ठेव म्हणावं दारात,” वडील खाटेवरून म्हणाले. फार दिवसांनी त्यांचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

पण मागच्या स्टँडवर गाडी चढवणं हे काही ऐंशीच्या माणसाचं काम नव्हतं. वडिलांनी दोनदा जोर लावला, गाडी तसूभर उचलली गेली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. हात झटकले, तिच्याकडे पाहिलं.

“माझं झालं,” ते म्हणाले. “तू शीक.”

“मी? एकोणपन्नासाव्या वर्षी?”

“मग काय झालं? आजवर कशासाठी थांबलीयेस का?”

शाळेच्या रिकाम्या मैदानात शिकवणी सुरू झाली. वडील खुर्ची टाकून बसायचे आणि फौजेतल्या भाषेत ओरडायचे. पहिल्याच दिवशी ती साइडस्टँड वर करायला विसरली. डाव्या वळणावर स्टँड मातीत घुसला आणि बाई गाडीसकट आडव्या. कोपर सोललं. धूळ झटकत ती उठली ती तडक वेल्डरकडे गेली आणि दुप्पट ताणाची स्प्रिंग बसवून आली. आता गाडी सरळ झाली की स्टँड आपोआप वर जायचा. ती परवाना काढायच्या परीक्षेत एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली.

मग एका शुक्रवारी ती वडिलांना मागे बसवून गुडघ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दवाखान्यासमोरचा रस्ता चढाचा होता. पहारेकरी धावत आला.

“बाई, इथं लावू नका. उतार आहे, पडेल.”

तिनं गाडीचं तोंड चढाकडे केलं, गिअर टाकून ठेवला, टाचेनं स्टँड खाली घेतला आणि गाडी त्यावर हलकेच सोडली. वाकून चकती जमिनीला नीट टेकली का ते पाहिलं.

“नाही पडायची,” ती म्हणाली, आणि वडिलांना दंडाला धरून पायऱ्या चढू लागली.

पहारेकरी मात्र बराच वेळ गाडीजवळ उभा होता, पडलीच तर धरायला.